रजिस्टर, रेकॉर्डिंग आणि एक माफी
(आपल्या सोसायटीच्या पहाऱ्याची पंचवीस वर्षं)

स्मरणिका समितीने लेखांचे विषय वाटले तेव्हा बाग, पाणी, गणेशोत्सव, महिला मंडळ हे विषय पटापट गेले. 'कॅमेरे' मात्र कोणी घेईना. शेवटी चेअरमन म्हणाले, "सर, बारा वर्षं सगळं रेकॉर्डिंग तुमच्या घरात होतं. तुम्हीच लिहा." ते खरंच आहे. २००७ ते २०१९ आपल्या सोसायटीची 'कंट्रोल रूम' म्हणजे माझ्या घरातलं जिन्याखालचं टेबल होतं. म्हणून हा इतिहास लिहायला बसलो. त्यात एक गोष्ट अशी आहे, जी आमसभेच्या इतिवृत्तात दोन ओळींत आटोपली आणि जी नीट छापून ठेवायला हवी असं मला गेली चौदा वर्षं वाटत आलं आहे.

पहारा आधीही होता

पहारा ही काही कॅमेऱ्याबरोबर आलेली गोष्ट नाही. आपलं बागलाण १८६९ साली नाशिक जिल्हा होईपर्यंत खानदेशात होतं. त्या काळी गावोगावी जागले असत, आपल्या भागात बहुधा भिल्ल समाजातले. रात्री गस्त घालायची, आल्यागेल्यावर नजर ठेवायची आणि चोरी झाली तर पावलांचा माग काढायचा, हे त्यांचं काम. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला तर जागल्या सुटला. नाही काढता आला तर नुकसान त्यानेच भरून द्यायचं, अशी रीत होती. म्हणजे चोर कोणीही असो, पहिला जाब विचारायचा तो राखणदाराला. ही रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२००० साली आपली सोसायटी नोंदली गेली तेव्हा आजूबाजूला कांद्याची शेतं होती. बत्तीस घरं, एक गेट, एक ट्यूबलाइट आणि एक वॉचमन. कळवणकडच्या एका पाड्यावरचे, सगळे त्यांना 'मामा' म्हणायचे. काठी, शिट्टी, बॅटरी आणि लाल कापडी बांधणीचं रजिस्टर एवढंच त्यांचं साहित्य. मामा चौथी शिकलेले होते. अक्षर मोठं, वेलांट्या मनाला येतील तशा, पण रोजची नोंद चुकायची नाही. वेळ ते गेटवरच्या भिंतीच्या घड्याळात बघायचे. ती रजिस्टरं आजही कार्यालयाच्या कपाटात आहेत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी जरूर पाहावीत.

कॅमेरा आला कुठून?

थोडं जगाकडे बघू. बंद तारेवरून चित्र दुसरीकडे दाखवायची सोय जर्मनीत १९४२ मध्ये झाली. पीनेम्युंडे इथे व्ही-२ रॉकेट उडवताना जवळ उभं राहणं धोक्याचं होतं, म्हणून अभियंता वॉल्टर ब्रूख यांनी कॅमेरा बसवून दिला. त्यात रेकॉर्डिंग नव्हतं. कोणीतरी पडद्यासमोर बसून बघत राहायचं, एवढंच. चित्र टेपवर साठवणारं चालण्याजोगं यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणलं. ते कपाटाएवढं होतं आणि किंमत दूरदर्शन कंपन्यांनाच परवडेल अशी.

घरासाठी कॅमेरा हा विचार एका नर्सबाईंचा आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. ड्यूटीच्या वेळा अवेळी, नवराही रात्री-अपरात्री बाहेर, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस यायला उशीर. दोघांनी मिळून दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांतून वर-खाली सरकणारा कॅमेरा आणि झोपायच्या खोलीत पडदा अशी योजना केली. २ डिसेंबर १९६९ रोजी त्यांना पेटंट मिळालं. आज आपण मोबाइलवर दारातला माणूस बघतो, त्याची ही आजी म्हणायची.

कॅमेरा आणि संगणक यांची जोडी जमली ती कॉफीमुळे! केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात कॉफीचं भांडं एका खोलीत आणि माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर. जिने उतरून जावं तर भांडं रिकामं. १९९१ मध्ये तिथल्या संशोधकांनी भांड्याकडे एक कॅमेरा रोखला, त्याची वायर संगणकातल्या कार्डाला जोडली आणि मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं छोटं काळं-पांढरं चित्र सगळ्यांना टेबलावर दिसू लागलं. पुढे ते इंटरनेटवरही गेलं आणि २००१ मध्ये बंद झालं. कॅमेरा, कार्ड, संगणक आणि एक छोटा प्रोग्रॅम. माझ्या जिन्याखाली २००७ मध्ये नेमकी हीच मांडणी होती.

जिन्याखालचा पीसी

२००६ च्या उन्हाळ्यात दोन मोटारसायकली गेल्या. आमसभेत कॅमेऱ्यांचा ठराव आला. तयार डीव्हीआरची किंमत ऐकून सभा शांत झाली. मुलाच्या एमएस-सीआयटीसाठी घेतलेला पीसी माझ्याकडे पडून होता. नाशिकहून चार कॅमेरे आणि एक कॅप्चर कार्ड आणलं. कार्डासोबत एक सीडी आली. त्या सीडीवर जे सॉफ्टवेअर होतं तेच आपण टाकलं. 'निवड' अशी झालीच नाही. भाजीबरोबर कोथिंबीर यावी तसं ते आलं. माझी पहिली चूक ती.

तेव्हा आम्हाला वाटायचं, कॅमेरा महत्त्वाचा, चित्र स्वच्छ पाहिजे. सॉफ्टवेअर काय, रेकॉर्ड करतं ना, बस्स. कार्डावर चित्र घेणारी चिप एकच होती. सेकंदाला २५ चित्रं चार कॅमेऱ्यांत वाटली जायची, म्हणून माणूस चालताना उड्या मारल्यासारखा दिसायचा. त्यात भारनियमन. लाइट गेली की पीसी बंद, आली की कोणीतरी चालू करायचा. मी शाळेत असलो तर आमच्या घरातून. कॅमेऱ्यांची बिनपगारी ऑपरेटर आमची सौभाग्यवती होती, हे या निमित्ताने नोंदवतो.

आणखी एक गोष्ट झाली. लोक घरी येऊ लागले. "सर, पोरगा काल किती वाजता आला, बघून सांगता का?" "आमच्या दारात कचरा कोणी टाकला, बघा ना." एकदा मी बघून सांगितलं आणि दोन घरांत महिनाभर बोलणं बंद झालं. त्यानंतर सांगणं सोडलं. पण सगळ्यांच्या येण्याजाण्याची नोंद एका माणसाच्या घरात असावी का, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. तो कोणी विचारला नाही, मीही नाही.

नोव्हेंबर २०१०

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी पंपहाउसचं कुलूप तुटलेलं आणि मोटारीची तांब्याची केबल गायब. मागच्या ओळीतल्या एका वहिनींनी सांगितलं, रात्री दीडच्या सुमाराला मागे काहीतरी वाजलं, कुत्री भुंकली. त्यांनी उठून घड्याळ पाहिलं होतं.

पंपहाउसकडे कॅमेरा नव्हता, गेटवर होता. पाच-सहा जण माझ्याकडे जमले. मी गेटचं रेकॉर्डिंग रात्री १.३० ला लावलं. मामांची खुर्ची रिकामी. १.३५ रिकामी. १.४५ ला मामा संथ चालत येऊन बसले.

त्या खोलीत काय झालं ते सांगायला नको. कोणी म्हणालं झोपले असतील, कोणी म्हणालं सामील असतील. मामांना बोलावलं. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "मी आठेच व्हतु." आणि रजिस्टर पुढे केलं. त्यात त्यांच्या अक्षरात होतं : 'रात्री १.३५ मागं आवाज आला, बॅटरी घेऊन गेलो, कोनी दिसलं नाही. २.४५ गस्त.' एक जण म्हणाला, "रजिस्टर काय, सकाळीही लिहिता येतं. कॉम्प्युटर खोटं बोलतो का?" मी तिथेच होतो. मी काही बोललो नाही. वीस वर्षं मुलांना 'पडताळा घ्या' म्हणून शिकवत होतो, पण पडताळा घ्यायचं मला सुचलं नाही.

तक्रार दिली. रेकॉर्डिंग सीडीवर घालून नेलं तर ती फाइल दुसऱ्या कुठल्याच संगणकावर उघडेना. आपल्या सॉफ्टवेअरचीच फाइल, आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणार. केबल मिळाली नाही. मामांनी त्या महिन्याचा पगार घेतला आणि गाव गाठलं. त्यांना काढलं नव्हतं, पण राहण्यासारखंही आपण काही ठेवलं नव्हतं.

पुढच्या मार्चमध्ये डिस्क भरली म्हणून जुनं पुसायला बसलो. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवलेलं होतं. पुसण्याआधी सहज पुढे ओढत गेलो आणि थांबलो. पडद्यावर वेळ ४.५० आणि गेटातून दूधवाला आत येतोय. आपला दूधवाला सहा वाजून दहा मिनिटांनी येतो, पाच मिनिटं इकडे-तिकडे नाही. आणखी पुढे गेलो. पडद्यावर ५.४० आणि गेटच्या पाटीवर ऊन पडलेलं. नोव्हेंबरात सटाण्याला पावणेसहाला ऊन?

पीसीच्या आत एक छोटा बटण सेल असतो. लाइट नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो सेल संपत आला होता. भारनियमनात पीसी बंद पडायचा, घड्याळ रेंगाळायचं, आणि असं होत होत ते एक तास वीस मिनिटं मागे पडलं होतं. म्हणजे आम्ही ज्याला दीड म्हणालो ती खरी दोन वाजून पन्नास मिनिटांची वेळ. मामा तेव्हा त्यांनी लिहिलेल्या २.४५ च्या गस्तीवर होते. मग खरा दीड, म्हणजे पडद्यावरचा १२.१०, लावून पाहिला. मामा खुर्चीत बसलेले. १२.१५ ला ते मान वळवतात, उठतात, बॅटरी लावतात आणि मागच्या बाजूला धावत जातात. रजिस्टरात लिहिलं होतं, अगदी तसंच.

कॉम्प्युटर खोटं बोलला नव्हता. त्याला वेळ माहीत नव्हती आणि ती त्याला विचारायचं काम माझं होतं.

एप्रिलच्या सभेत हे सगळं सांगितलं. चेअरमन, खजिनदार आणि मी त्यांच्या गावी गेलो. मामांनी चहा दिला. माफी मागितल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, रजिस्टर जपून ठेवा. परत यायला तयार झाले नाहीत. इतिवृत्तात लिहिलं गेलं : 'माजी पहारेकऱ्यांबाबतचा गैरसमज दूर झाला.' गैरसमज नव्हता तो, आरोप होता. जागल्याची जुनी रीत आपण एकविसाव्या शतकात पाळली होती. ज्या गावात दुष्काळात भुकेल्यांसाठी सरकारी खजिना उघडणाऱ्या मामलेदाराला लोकांनी देव मानलं, त्या गावात आपण एका माणसाच्या शब्दाला एका सेलइतकीही किंमत दिली नाही. ही माफी इथे, सगळ्यांच्या वतीने नसेल तर निदान माझ्या वतीने, छापून ठेवतो.

दुसरी निवड

त्यानंतर मात्र सॉफ्टवेअर डोळे उघडे ठेवून निवडायचं ठरलं. त्यासाठी आम्ही कागदावर पाच प्रश्न लिहिले. घरी कॅमेरे लावणाऱ्यांना ते आजही उपयोगी पडतील म्हणून देतो.

१) घड्याळ आपोआप जुळतं का? पीसी इंटरनेटवरून वेळ जुळवून घेऊ शकतो. ती सोय चालू आहे ना, हे पाहायचं.
२) फाइल दुसऱ्या कुठल्याही संगणकावर उघडते का?
३) लाइट येताच रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं का, आणि बंद पडलं तर कोणाला कळतं?
४) कोण बघू शकतं आणि कोणी बघितलं याची नोंद राहते का?
५) कॅमेऱ्याची कंपनी बदलली तर सॉफ्टवेअर चालेल का?

२०१२ मध्ये माझ्या भाच्याने 'झोनमाइंडर' सुचवलं. फुकट, लिनक्सवर चालणारं. याची जन्मकथा मला आवडली. इंग्लंडमधल्या फिलिप कूम्ब्स यांच्या गॅरेजमधून हत्यारं चोरीला गेली. कॅमेरा असता तर चोर कधी आला ते कळलं असतं, या चुटपुटीतून त्यांनी हा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला केला. आपलं जुनं कार्ड त्याच्यावर तसंच चाललं. त्या काळी तो प्रत्येक चित्राची वेगळी जेपीईजी फाइल करायचा. डिस्कवर लाखो फाइली व्हायच्या, पण कुठलीही फाइल कुठेही उघडायची. चित्रात हालचाल झाली तरच नोंद ठेवायची, आणि चित्राच्या कुठल्या भागातली हालचाल मोजायची ते 'झोन' आखून सांगायचं. पहिला महिना ट्यूबलाइटभोवतीचे किडे आणि कडुलिंबाची सावली यांचंच रेकॉर्डिंग झालं. हळूहळू जमलं.

तोवर जगात दोन गोष्टी आपल्या सोयीच्या झाल्या होत्या. कॅमेऱ्याकडून चित्र मागवण्याची 'आरटीएसपी' ही सामायिक पद्धत १९९८ मध्ये ठरली होती. २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनी या कंपन्यांनी 'ऑनव्हिफ' मंच काढला, म्हणजे एकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरला ओळखू लागला. २०१९ मध्ये आठ आयपी कॅमेरे घेताना याच दोन शब्दांची खात्री करून घेतली. तेव्हा तीन पर्याय समोर होते : तयार एनव्हीआर पेटी, विंडोजवरचं विकतचं 'ब्लू आयरिस', किंवा झोनमाइंडरच पुढे चालवायचं. ब्लू आयरिस वापरायला सोपं आणि घरासाठी चांगलं, पण विंडोज आणि परवाना दोन्ही लागतात. पेटी स्वस्त, पण आतलं काय चालतं ते कंपनीलाच ठाऊक. झोनमाइंडर तोवर सरळ व्हिडिओ फाइल साठवायला लागलं होतं. आपण तेच ठेवलं. आता 'फ्रिगेट'सारखी माणूस आणि कुत्रा वेगळा ओळखणारी खुली सॉफ्टवेअरंही आली आहेत. तरुण मंडळींनी जरूर बघावीत.

डिस्कचा हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट देत असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे १७२.८ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर साधारण २३ दिवस मावतात. म्हणून आपला नियम पंधरा दिवसांचा, बाकी जागा हाताशी ठेवलेली.

पासवर्डचं मात्र सगळ्यांना सांगणं आहे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याकडे होती फक्त साठेक कारखानी नावं आणि पासवर्डांची यादी, लोकांनी कधीच न बदललेल्या. त्याच कॅमेऱ्यांच्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट बंद पाडल्या. घरी कॅमेरा लावला की पहिलं काम पासवर्ड बदलणं.

जालन्याचा खटला

"रेकॉर्डिंग आहे म्हणजे पुरावा आहे" असं आपण सहज म्हणतो. याचा निकाल आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात लागला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग सीडीवर कोर्टात आलं, पण त्याला लागणारं प्रमाणपत्र कार्यालयाकडे वारंवार मागूनही मिळालं नव्हतं. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. पण जाताजाता कायदा स्पष्ट केला : मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ठीक, नाहीतर नकलेबरोबर साक्षी कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच. गंमत बघा, त्या खटल्याचा सगळा वाद घड्याळात किती वाजले होते याचाच होता.

१ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आहे. आता प्रमाणपत्रात फाइलची 'हॅश' संख्याही द्यावी लागते. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ही संख्या बदलते. म्हणून यंत्र कोणाच्या ताब्यात, ते नीट चालत होतं का, घड्याळ बरोबर होतं का, याची जबाबदारी सही करणाऱ्या माणसावर येते. सॉफ्टवेअर सही करत नाही.

आजची व्यवस्था

२०१९ मध्ये यंत्र माझ्या जिन्याखालून सोसायटीच्या कार्यालयात गेलं. दोन पासवर्ड, दोन पदाधिकारी, दोघे हजर असल्याशिवाय जुनं रेकॉर्डिंग उघडत नाही. कोणी, कधी, कशासाठी पाहिलं ते वहीत लिहिलं जातं. एका घराच्या अंगणात डोकावणारा कॅमेरा त्यांच्या सूनबाईंनी सांगितल्यावर वळवला. ते त्यांनी बोलून दाखवलं, हे बरं केलं. दर महिन्याच्या एक तारखेला मोबाइलची वेळ आणि पडद्यावरची वेळ ताडून दोन्ही वहीत मांडतात. आजवर फरक दोन-तीन सेकंदांच्या वर गेलेला नाही.

आणि गेटवर रजिस्टर आहे. नवीन कमिटीतल्या एका मित्राने मागच्या वर्षी विचारलं होतं, "आता कॅमेरे आहेत, रजिस्टरचा खर्च कशाला?" खर्च वर्षाला तीनशे रुपये आहे. तो चालू ठेवावा, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत कॅमेरे बदलतील, सॉफ्टवेअर बदलेल, कदाचित चेहरेही यंत्रच ओळखेल. पण यंत्र एक सांगतंय आणि माणूस दुसरं सांगतोय असं कधी झालं, तर माणसाला घालवण्याआधी घड्याळ तपासा.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा!